डॅनियलचे सासरे कोण?

मंडळी, आज सकाळी मुंबईच्या बंदरावर गेलो होतो. लेक सुगंधा आणि आमचा परदेशी जावई डॅनियल श्रीलंका फिरून मोठ्या बोटीने परत येणार होते.

सुगंधा तपासणीतून लवकर सुटली आणि बॅगा घ्यायला गेली. परदेशी लोकांची रांग वेगळी. त्यांचा व्हिसा पुन्हा तपासतात, बोटांचे ठसे घेतात. जावई काही बाहेर येईना. मला वाटलं, धरला याला.

तेवढ्यात दारातून एक शिपाई ओरडला, "डॅनियलचे सासरे कोण? आटगावचे?"

खाकी बघून मी घाबरलो. मी तोंड फिरवून उभा राहिलो.

शेवटी सुगंधाच धावत आली आणि तिने आत जाऊन पत्ता सांगितला. जावई कुणाकडे राहणार, एवढीच तिथल्या साहेबांना खात्री करायची होती.

"आण्णा, तुमाला हाक मारली ना?"

"ऐकू नाय आली गो."

काचेपलीकडून जावई माझ्याकडेच बघत होता.

आटगावला घरी बायकोने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. "काय त्रास नाय ना झाला?"

तो मोडक्या मराठीत म्हणाला, "नाय. आण्णा होते ना."

तेव्हापासून मी त्याच्यासमोर बसलेलो नाही. त्याला खरं कसं सांगू, तुम्हीच सांगा.