पुनाजीरावांनी घातलेला एस

अख्ख्या कचेरीत शुद्ध इंग्रजी लिहिणारा एकच माणूस आहे, असं पुनाजीरावांचं ठाम मत होतं, आणि तो माणूस त्यांना रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटे. सातपुड्याच्या पायथ्याशी, धुळ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी, कचेरीच्या आवारातल्या निंबाखाली टेबल मांडून ते लोकांचे अर्ज लिहीत. मॅट्रिकला इंग्रजीत पहिले आणि गणितात नापास, ही त्यांची कमाई.

शेजारी गोणपाटावर वना बसे; तोही अर्ज लिहून देई. दोंडाईच्याच्या सरकी काढायच्या जिनात गोऱ्या मॅनेजरकडे बारा वर्षं शिपाई होता. इंग्रजी शिकला तो कानानं. "ही गो, शी गो, बैल गो," अशी पुनाजीराव त्याची नक्कल करत. तृतीय पुरुष, एकवचन, वर्तमानकाळ असला की क्रियापदाला एस लागलाच पाहिजे, हा नियम ते वकिलांनाही ऐकवायचे. "एस गाळणारा माणूस आणि नाडी न बांधता बाजारात फिरणारा माणूस, मला तरी दोघांत फरक दिसत नाही," असं म्हणून स्वतःच हसायचे.

१९२३च्या उन्हाळ्यात डोंगराकडच्या पाड्यावरून रुपली कचेरीत आली. तिच्या नवऱ्यावर, सिंगावर, राखीव जंगलातलं लाकूड तोडल्याचा खटला होता. झालं होतं एवढंच, की सिंगाची आई वारली, सरपण पुरेना, म्हणून त्यानं चितेसाठी एक वाळकी फांदी तोडली. एकदाच. वनानं सगळं ऐकून घेऊन अर्ज लिहिला. पण त्याचे हात कापत, अक्षर कुणाला लागेना. म्हणून स्वच्छ प्रत करून घ्यायला त्यानं तिला पुनाजीरावांकडे पाठवलं.

पुनाजीरावांनी कागद दोन बोटांत धरला आणि मोठ्यानं वाचला.

"सिंगा कट ड्राय ब्रँच फॉर मदर फायर. वा! आता विस्तवालाही आई झाली!"

त्यांनी 'मदर' खोडलं. 'कट'ला ठसठशीत एस लावला. 'ब्रँच'च्या आधी 'अ' नाही, म्हणजे अनेकवचनच असणार, असं ठरवून 'ब्रँचेस' केलं. रुपली समोरच उभी होती.

"नाना, बठ्ठं बराबर शे ना?" तिनं विचारलं.

"आता झालं. आधी ती भाषाच नव्हती."

काय घडलं ते तिला विचारावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांच्या मते व्याकरणाला साक्षीदार लागत नाही.

खटल्याच्या दिवशी गोऱ्या मॅजिस्ट्रेटनं अर्ज वाचला. सिंगा जाळायला फांद्या तोडतो. तोडतो, म्हणजे नेहमीच. हा अर्ज तुझाच ना, असं त्यानं दुभाष्याकडून विचारलं. सिंगानं आपला अंगठा ओळखला आणि मान हलवली. एक महिना कैद.

दुपारी वना आपला खोडाखोड झालेला कागद घेऊन टेबलाशी आला.

"पुनाभाऊ, हाई काय लिखं तुम्ही? 'तोडस' नही, 'तोडं' व्हतं ते! मन्हा मॅनेजर कालदिननी गोटलेबी कटच म्हने, आजनीलेबी कटच."

पुनाजीरावांनी कागद पुन्हा वाचला. कट, कट, कट. पुट, पुट, पुट. भूतकाळातही रूप न बदलणाऱ्या क्रियापदांची ही यादी ते रोज आंघोळ करताना म्हणत. तरीही ते गुरगुरले, "मग 'येस्टरडे' लिहायला काय झालं होतं तुला?"

"ते ऱ्हाऊ द्या. तुमनी चुकी व्हयनी, आसं लिखी द्या सायबले."

पुनाजीरावांनी टाक बुडवला. पहिला शब्द 'आय' हवा होता. तो काही उतरेना. बराच वेळ विचार करून त्यांनी कर्मणी प्रयोग काढला: अर्जात एक चूक केली गेली आहे. कर्ता कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला, शेरा होता, "चूक कोणाची?" साहेबाला कर्मणी प्रयोग कळत नाही, असं पुनाजीरावांनी चहावाल्याला सांगितलं.

मग वनानंच कागद ओढला. कापऱ्या हातानं लिहिलं, "आय राँग. मदर डेड. सिंगा कट वन टाइम." आणि खाली स्वतःची सही ठोकली. मॅजिस्ट्रेटनं त्याला आत बोलावून दोन प्रश्न विचारले. अकराव्या दिवशी सिंगा सुटला. आवारात बसायची वनाची परवानगी मात्र गेली. तो गोणपाट गुंडाळून दोंडाईच्याला निघून गेला, आणि पुनाजीराव येईल त्याला सांगत राहिले, की त्या तीन वाक्यांत चार चुका होत्या.

डोंगराकडची माणसं त्यांच्या टेबलाकडे फिरकेनाशी झाली. पुढच्या साली रुपली बाजारात दिसली, तेव्हा त्यांनी तिला हटकलं.

"अर्ज लिहायला एवढं दोंडाईच्याला चालत जाता म्हणे तुम्ही लोक? इथं मी बसलोय ना!"

रुपलीनं डोक्यावरची टोपली सावरली. "वनाभाऊ पहिले इचारस, नाना. मंग लिखस."

"अडाणी लोक," पुनाजीराव म्हणाले. पण ती तोवर पुढं गेली होती.