खंडेनवमीला विझवलेली आच

श्रुतिका सकाळी उठते तीच थकलेली. मुलुंडहून घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात येते, ज्युनिअरची प्रॅक्टिकलं घेते, मग प्रयोगशाळेत पीएचडीचं काम. मध्येच सासूबाईंचा फोन आला की हातातलं तिथेच टाकून घरी पळते. लग्नाआधी वडिलांसाठी पळायची. तिला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि मला त्याचा भयंकर राग येतो.

तिचं संशोधन अतिसूक्ष्म स्फटिकांवर. त्यांत यिटर्बियम आणि एर्बियम ही दुर्मिळ मूलद्रव्यं असतात. डोळ्यांना न दिसणारा लेसर त्यांच्यावर सोडला की ते दिसणारा उजेड देतात. कसा देतात, ते आत अणू कसे रचलेत यावर ठरतं. या मूलद्रव्यांच्या क्षारांचं मिश्रण पुरेसा वेळ तापलं तर रचना षटकोनी होते आणि उजेड हिरवागार पडतो. आच लवकर काढली तर रचना घनाकार राहते, उजेड मिणमिणता, लालसर. प्रबंधाला हिरवा हवा होता. क्षार एकाच खेपेपुरते उरले होते आणि मुदत दिवाळीपर्यंतच होती.

ती खेप नेमकी खंडेनवमीला लागली. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि मग दसरा होईपर्यंत यंत्राला कुणी हात लावत नाही. तिचे गाइड नंदकिशोर सर म्हणाले, "श्रुतिका, आरतीआधी सगळं बंद कर हं. तापलेल्या यंत्राला कुंकू कसं लावणार?"

"हो सर," म्हणून तिने हीटर बंद केला.

पूजा आटोपल्यावर तिने फ्लास्कमधला थेंबभर द्रव लेसरखाली धरला. लालसर, विझत्या निखाऱ्यासारखा.

"वाट लागली," ती म्हणाली, तेही हळूच.

"सरांना सांगायचंस ना, अजून तापवायचंय म्हणून."

"कुणाकुणाला सांगू, ऋता? अणू तेच आहेत गं. त्यांना नीट लागायला वेळच मिळाला नाही."

रडू मला आलं, तिला नाही.

दसऱ्याच्या दुपारी तिचा फोन आला, "येतेस? एकटीने हीटर चालवायचा नाही, असा नियम आहे." गेले तर कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. हीटरवरची माळ तिने खिडकीत नीट ठेवली होती, कुंकू तसंच होतं, आणि कालचंच मिश्रण पुन्हा तापत होतं.

"सरांना विचारलंस?"

"नाही."

मध्ये एकदा थेंब पाहिला. अजून लालसरच. तेवढ्यात सासूबाईंचा फोन. पाहुणे सोनं द्यायला आलेत, चहा कोण करणार? श्रुतिकाचा हात सवयीने हीटरच्या बटणाकडे गेला. मी बघत होते.

"आई, मी आत्ता येणार नाही," ती म्हणाली. "काम अर्ध्यावर आहे."

पलीकडून बरंच काही ऐकू येत होतं. तिने शांतपणे ऐकलं आणि फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी पुन्हा थेंब काढला. लेसरखाली तो हिरवागार झाला, कोवळ्या भातासारखा. तिने एकदा पाहिलं, खुर्चीत टेकली आणि तिथेच झोपली. हीटर मीच बंद केला. तिला उठवलं नाही.