पुरणपोळीनंतरचा उलटा पडदा

मेव्हणीच्या मुलाखतीला तासभर उरला असताना मी तिच्या कंप्युटरचा पडदा उलटा केला. मला कुणी हात लावायला सांगितलं नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही जळगावहून धुळ्याला, माझ्या सासुरवाडीला गेलो होतो. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला की जावयाने आडवं व्हायचं, असा त्या घरचा रिवाज. अंथरूणही घातलेलं होतं. पण पुण्याच्या कंपनीला आखाजीची सुट्टी नव्हती. मेव्हणीची नोकरीची मुलाखत त्याच दुपारी, घरूनच, कंप्युटरवर व्हायची होती. आणि मला नेमक्या तिच्या पडद्याच्या दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या दिसल्या.

"राहू द्या जिजाजी, मला चालतं."

"तुला चालेल गं. समोरच्यांना तू चेपलेली दिसशील," मी म्हणालो. हे मला कुठून सुचलं, अजून कळलेलं नाही.

ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये शिरलो. एक बटण दाबलं, पट्ट्या जाड झाल्या. दुसरं दाबलं, अक्षरं मुंग्यांएवढी. तिसऱ्याने अख्खा पडदा डोक्यावर उभा राहिला आणि विचारू लागला, बदल ठेवायचा का? गप्प बसलो असतो तर तो आपोआप सरळ झाला असता. पण सकाळपासून "अजून एक पोळी?" ला हो म्हणत आलो होतो, तसंच इथेही म्हटलं.

मग माउस उजवीकडे नेला की बाण डावीकडे पळायचा. सासरे मागे उभे. जावयाला "उठा" म्हणता येत नाही, म्हणून ते घड्याळाकडे बघून नुसते खाकरत होते. मेव्हणी रडकुंडीला आली. शेवटी सासऱ्यांनी मॉनिटरच उचलून उलटा ठेवला, मागून पुरणाच्या डब्याचा टेकू दिला आणि हवेत गेलेल्या स्टँडला कॅमेरा चिकटपट्टीने डकवला.

मी मुकाट्याने अंथरुणावर जाऊन पडलो. झोप कुठली येते.

मुलाखत आटोपून मेव्हणी बाहेर आली. "त्यांनी विचारलं, ऐन वेळी अडचण आली तर काय करता? मी जिजाजींचं सांगितलं. बराच वेळ हसत होते. पुढच्या फेरीला बोलावलंय."

"म्हणजे माझा हात लागला म्हणूनच ना," मी उठून बसलो.

सासूबाई रसाचं पातेलं घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जवाईबापू, जेवीसन झोपनारा जवाईच बरा शे."