सगळ्यांना सारखी वाढ

कंपनी बंद झाली तेव्हा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. निरोपाच्या कार्यक्रमात मॅनेजर म्हणाला की आपण सगळे एक कुटुंब आहोत. पुढच्या आठवड्यात कुटुंबातली यंत्रं ट्रकवर चढून शेंद्र्याच्या नव्या औद्योगिक वसाहतीत गेली. माणसं चिकलठाण्यातच राहिली.

अण्णा युनियनच्या कमिटीवर होते. शेवटच्या कराराच्या वेळी कंपनी कायम कामगारांना चांगली पगारवाढ द्यायला तयार होती. टेम्पररी पोरांना काहीच नाही. बैठकीत अण्णांनी विचारलं, "आणि बाकीच्यांचं काय?" त्या प्रश्नावरून संप झाला आणि संपावरून टाळं लागलं. शेंद्र्यात त्याच यंत्रांवर नव्या नावाची कंपनी उभी राहिली, आणि तिथं सगळेच टेम्पररी घेतले. एका अर्थी समानता आली.

ती दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडीत मृतसाठा उरला होता, आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं तेही येईनासं झालं होतं, आणि जालना रोडवर जलतरण तलाव असलेल्या फ्लॅटची होर्डिंगं लागत होती. आमच्या कॉलनीत टँकर यायचा. एकदा रांगेत अण्णांचा जुना सोबती मोठ्यानं म्हणाला, "या पुढारी, आधी तुम्ही भरा. आमचं तर तुम्ही भरून ठिवलंच हाय." लोक हसले. त्या दिवसापासून अण्णा टँकरवर जाईनात. आई जायला लागली. अण्णा पलंगावर बसून घड्याळाकडं बघायचे. बोलणं जवळपास थांबलं होतं.

मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होतो. म्हणजे तास घेतला तर शिक्षक, एरवी कुणी नाही. दुपारी आम्ही दोघंही मोकळे असायचो. अशात पैठण गेटजवळच्या एका दुकानातून मी व्हिडिओ गेमचं जुनं यंत्र आणलं. त्यासोबत एक डिस्क होती आणि खेळ जिथं थांबवला तिथून पुढं चालू करता यावा म्हणून एक मेमरी कार्ड.

खेळ महानायकांच्या टोळीचा होता. चोवीस जण, प्रत्येकाच्या अंगात एकेक अचाट शक्ती. त्यातले चौघं निवडून मोहिमेवर न्यायचे, उरलेले तळावर उभे. मोहीम फत्ते झाली की गुण मिळत. ते ज्याला द्याल त्याची ताकद वाढे, नावापुढचा आकडा एकापासून वर चढे. शेवटी एक खलनायक, जो जगाचा नाश करण्याआधी बराच वेळ भाषण करतो.

चार-पाच दिवस अण्णांनी नुसतं पाहिलं. मग पलंगावरून आवाज आला, "ही मागं उभी हायेत ती कोण?"

"तीपण आपलीच आहेत."

"मग नेत का नायस?"

"चौघंच नेता येतात, अण्णा."

"मग पाळ्या लाव की."

मी दुसरा रिमोट त्यांच्या हातात दिला. कित्येक महिन्यांत ते माझ्याशी इतकी वाक्यं एका दमात बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीची जुनी डायरी काढली आणि पट्टीनं रेघा मारून तक्ता केला. इंग्रजी नावं त्यांना मान्य नव्हती. आग ओकणारा झाला वेल्डर, विजेचा वायरमन, डोंगर उचलणारी बाई क्रेन. एकाला नुसता धूर सोडता येई, तो स्टोअरवाला. आणि एक किडकिडीत पोरगा, ज्याची शक्ती काय ते शेवटपर्यंत आम्हाला कळलं नाही, तो हेल्पर. प्रत्येकाची पाळी ठरलेली. मोहिमेतून गुण मिळाले की अण्णा ते चोविसांत सारखे वाटत. उरलेला एखादा गुण खर्च न करता पुढच्या वाटपासाठी ठेवत.

"अण्णा, वेल्डरला द्या सगळे. तोच मारतो."

"त्यो मारतो कारण हेल्पर पुढं मार खातो."

आई भाजी निवडता निवडता म्हणायची, "अहो, त्या स्टोअरवाल्याला द्या सुट्टी. नुसता धूर करतोय, आपल्या गावाकडच्या सरपंचागत." अण्णा हसायचे. एक दिवस ते आपणहून कॅन उचलून टँकरवर गेले. परत आले तेव्हा घामानं भिजले होते, आणि दारातूनच म्हणाले, "आज वायरमनची पाळी हाय, चालू कर." मी वळून टीव्ही लावला, कारण माझा चेहरा त्यांना दिसायला नको होता.

असे आम्ही शेवटच्या मोहिमेला पोचलो. खलनायक भाषणाला उभा राहिला.

"एवढं बोलतोय," अण्णा म्हणाले, "म्हंजे हेच्याच्यानं काय व्हत नसतं."

पण झालं. त्यानं आमच्या चौघांना अर्ध्या मिनिटात झोपवलं. दुसऱ्या दिवशी पुढच्या पाळीच्या चौघांना. तिसऱ्या दिवशीही तेच. चोवीसही जण सारखेच मध्यम होते. कुठलेही चौघं न्या, त्याला पुरत नव्हते. खेळ बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की कुणीही शहाणा माणूस चार जण मोठे करील आणि बाकीचे सोडून देईल.

मी सांगून पाहिलं. "पहिल्यापासून सुरू करू. फक्त चौघं घेऊ."

"आणि बाकीच्यांचं काय?"

हे त्यांनी टीव्हीकडं बघतच विचारलं.

पंधरा दिवस आम्ही हरत होतो. अण्णांचं बोलणं पुन्हा कमी झालं. टँकरवर पुन्हा आई जाऊ लागली. त्यांनी एकदा, फक्त एकदा, काहीतरी जिंकावं एवढंच मला हवं होतं. ते पुन्हा त्या घड्याळाकडं बघत बसणार याची मला धास्ती होती.

त्याच दिवसांत आई-अण्णा लासूर स्टेशनला आत्याकडं लग्नाला गेले, आठवडाभर. मी नवा खेळ सुरू केला. वेल्डर, वायरमन, क्रेन आणि एक उडणारा. सगळे गुण या चौघांना. कॉलेजला दोन दिवस गेलोच नाही. पहिली मोहीम संपल्यावर पडद्यावर सूचना आली की कार्डात जागा नाही, जुना खेळ पुसायचा का? मी 'हो' दाबलं. विचार करायला वेळ लागला नाही. तो खेळ तसाही जिंकता येणार नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं.

ते परत आले त्या दुपारी मी सगळं तयार ठेवलं होतं. "अण्णा, या. आज मला वाटतं जमेल."

खलनायकाचं भाषण झालं. अण्णांनी वेल्डर पुढं काढला. दोन मिनिटांत खलनायक कोसळला, आकाश उजळलं, बिगुल वाजले. आई दारातून म्हणाली, "जिंकले का हो?" संगीत संपेपर्यंत अण्णा थांबले आणि मग तळाच्या पडद्यावर गेले, जिथं सगळे उभे असतात. बटण दाबत एकेकापाशी थांबू लागले.

"हेल्पर, एक. स्टोअरवाला, एकच." ते शेवटच्या माणसापर्यंत गेले. वीस जण पहिल्या दिवशी होते तसेच उभे होते. "ह्यांची वाढ कुठं गेली?"

"कार्डात जागा नव्हती, अण्णा. जुनं पुसावं लागलं."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"व्हय," ते म्हणाले. "त्यो मॅनेजरपण टेम्पररी पोरांसाठी जागा नाय असंच म्हणला व्हता."

रिमोट त्यांनी वायर नीट गुंडाळून टीव्हीखाली ठेवला, कामाची हत्यारं ठेवावीत तसा. मग पलंगावर जाऊन बसले. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. ते उठले नाहीत. आईनं कॅन उचलले तेव्हा मी तिच्या हातातून घेतले आणि गेलो. रांगेत मला कुणी काही बोललं नाही.

नंतर मी तो खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, त्यांच्या तक्त्याप्रमाणे. चोवीस जण, पाळ्या, गुण सारखे वाटून. दोन महिने लागले. शेवटच्या मोहिमेपाशी आल्यावर त्यांना हाक मारली, "अण्णा, हेल्परची पाळी आहे."

"तू खेळ," ते म्हणाले. त्यांची पाठ माझ्याकडं होती.

पुढच्या सत्रात कॉलेजनं माझे तास दुसऱ्या कुणाला दिले. घरी सांगितलं तेव्हा अण्णांनी मागं वळून एकदा माझ्याकडं पाहिलं. मी टीव्ही लावला आणि हेल्परच्या पाळीच्या चौघांना घेऊन हरायला बसलो.