तलावातली हाक

गोपिका सदर भागातल्या एका कचेरीत टायपिस्ट होती. रोज पहाटे ती अंबाझरी तलावाच्या बांधावर धावायची. पोरगी चड्डी घालून पळते म्हणून तिच्या वस्तीत, इंदोऱ्यात, आधी कुजबुज झाली, मग लोकांना सवय झाली. धावण्यात तिला जोड नव्हती. पोहणं मात्र ती उशिरा शिकली, रेल्वेतले फिटर रुपरावकाका यांच्याकडून.

"तलावात पोहायच्या टाकीसारखी रेघ मारलेली नसते वं," ते सांगायचे. "पलीकडचं उंच झाड धर. थोडे हात मारले का मान वर काढून झाड पाहायचं. बाजूचा काय करून राहिला, तिकडं ध्यान द्यायचं नाही. आन धावून आली का लगेच उडी नको मारू. पोटऱ्या तापल्या असतात, थंड पाण्यात गोळा येते. थोडं चाल, मानेवर पाणी घे, मग उतर."

१९७८च्या जानेवारीत एका मंडळानं शर्यत ठेवली. आधी धावायचं, मग तलाव पार करायचा. कोणी अडकलं तर मदतीला एक होडी ठेवली होती. रामदासपेठेतली जया त्यात होती. लहानपणापासून पोहणारी, मोकळ्या मनाची. गोपिकेकडे पोहण्याची रबरी टोपी नव्हती, तर जयानं आपली जादाची दिली.

काठावर गोपिका आधी पोचली. काकांचं ऐकून ती जराशी चालली, मान भिजवली. तेवढ्यात जया धावत आली आणि तशीच पाण्यात शिरली. गोपिका मागून निघाली. तलावाच्या मध्यावर तिला डावीकडून हाक आली.

"थांब ना... पाय..."

आवाज जयाचा होता. गोपिकेनं मान वर काढली आणि झाड पाहिलं. होडी आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. होडी कुठे आहे, ते मात्र पाहिलं नाही. ती पोहत राहिली आणि पहिली आली.

होडी उशिरा पोचली. जयाला बेशुद्ध वर काढलं. ती वाचली, पण बरेच दिवस दवाखान्यात होती, आणि छाती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. पोहणं सुटलं.

कोणी गोपिकेला काही विचारलं नाही. तेच तिला सोसेना. कचेरीत टाइप करताना बोटं थांबायची. शेवटी ती जयाच्या घरी गेली.

"तू हाक मारली, तवा जवळून मीच गेली होती. मले ऐकू आलं होतं."

जया म्हणाली, "हे मले काहून सांगून राहिली?"

गोपिकेनं शर्यतीत घेतलेली टोपी तिच्यासमोर ठेवली.

"थांबली असती तर दोघी बुडाल्या असत्या, असं लोक म्हणतील," जया म्हणाली. "मी नाही म्हणणार. जा तू आता."

हे कळल्यावर रुपरावकाकांनी दोष स्वतःवर घेतला. "बाजूला पाहू नको, हे मीच शिकवलं तुले."

"कान बंद कर असं नव्हतं म्हटलं, काका," गोपिका म्हणाली.

त्यानंतर ती शर्यतीत उतरली नाही. पण तलाव सोडला नाही. काकांचे पाय थकल्यावर तिनंच पोरींना पोहणं शिकवायला घेतलं. जोडीनं उतरायचं, दोन्ही बाजूंना श्वास घ्यायचा, गोळा आला की उताणं होऊन तरंगायचं, बुडणाऱ्याला मागून धरायचं. वेगाचं ती शेवटी सांगायची. शर्यत असली की लक्ष ठेवायला सगळ्यांच्या मागून स्वतः पोहायची. एकदा एका पोरीला तिनं असंच काठाला आणलं. बांधावरच्या लोकांनी वाखाणलं, तशी ती मान खाली घालून कपडे बदलायला गेली. त्या पोरीसाठी आपण थांबलो, मग जयासाठी का नाही, हे तिला उलट जास्तच टोचलं.

चार-पाच वर्षांनी एका सकाळी जया बांधावर आली. लांब उभी राहून पोरींना पाहत होती. गोपिका ओल्या अंगानंच तिच्याजवळ गेली.

"पाणी थंड आहे का वं?" जयानं विचारलं.

"आहे."

जया दगडावर बसली. गोपिका पुन्हा पाण्यात उतरली, कारण पोरी अजून तलावात होत्या.