सिस्टर आणि जेवणानंतरची फेरी

आज मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. सकाळी अंगणात वाळत घातलेली सुपारी परतली. दूधवाल्याला उद्यापासून अर्धाच लिटर द्यायला सांगितलं. दहाच्या सुमारास गौरव समितीचा फोन आला, की विमल सिस्टरांच्या पंच्याहत्तरीच्या अंकासाठी फक्त माझाच लेख यायचा राहिला आहे. घरात यंदा गुरुवारची पूजा मांडलेली नाही. माझी पत्नी सुनंदा हिला जाऊन आठ महिने झाले. उशिराबद्दल क्षमा मागतो आणि लिहायला बसतो.

सिस्टरांची आणि माझी ओळख सहा वर्षांपूर्वीची. मी कचेरीतून कारकून म्हणून नुकताच निवृत्त झालो होतो. देवळाच्या सभागृहात रक्त तपासणीचं शिबिर होतं. आरोग्य केंद्रातून निवृत्त होऊन सिस्टरांना बरीच वर्षं झाली होती, तरी कोपऱ्यातल्या टेबलाशी कागद घेऊन त्याच बसल्या होत्या. माझी आणि सुनंदाची, दोघांचीही शुगर बॉर्डरवर निघाली. सिस्टर म्हणाल्या, "मधुमेह झालेला नाही. पण असंच चाललं तर होईल. रोज अंग हलवायला हवं."

मी म्हणालो, "सिस्टर, माझी सुपारीची वाडी आहे. मला वेगळा व्यायाम कशाला?"

आपल्या श्रीवर्धनात हे उत्तर त्यांनी किती जणांकडून ऐकलं असेल कोण जाणे. त्या वाद घालत बसल्या नाहीत. चार दिवसांनी स्वतः वाडीत आल्या. तेव्हा मी खुर्ची टाकून बसलो होतो आणि आमचा पाडेली काशिनाथ नारळ उतरवत होता. खाली उतरून तो मला म्हणाला, "काका, माडावर चढतो मी, न् घाम तुमी पुसताव व्हय?" सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. "ऐकलंत ना भाऊ? व्यायाम काशिनाथचा होतोय. साखर मात्र तुमची वाढतेय."

त्यांची शिकवण्याची रीत साधी होती. दुपारी जेवलं की पानाचा डबा उघडायचा नाही आणि आडवं व्हायचं नाही. आधी वाडीत विहिरीपर्यंत जाऊन यायचं, असं पंधरा मिनिटं. रात्रीही तसंच. सुनंदानं कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "भात खाल्ला की साखर रक्तात येते. पाय चालायला लागले की पायांचे स्नायू ती ओढून घेतात. तुम्ही घोरत पडलात तर ती कोणी वापरायची?" आठवड्यातून दोनतीनदा पाटावरून हात न टेकता उठाबशी करायलाही त्यांनी लावलं. पहिल्या दिवशी मला तीन जमल्या. सुनंदाला आठ.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आली. मधल्या काळात आमचं चालणं कधी व्हायचं, कधी राहायचं. म्हणून आदले आठ दिवस आम्ही भात बंद केला आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रावर तरातरा चाललो. उपाशीपोटीची शुगर छान आली. त्या आनंदात संध्याकाळी घावन आणि गूळ घातलेला नारळाचा रस झाला. सिस्टरांनी मात्र त्याच रक्ताची तीन महिन्यांच्या सरासरीचीही तपासणी सांगितली होती. दुसऱ्या दिवशी तो कागद आला. आकडा होता तिथेच होता.

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. सिस्टर म्हणाल्या, "साहेब येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी फायली लावायचात ना कचेरीत? तेच केलंत. ही तपासणी मागचं सगळं दप्तर उघडते, भाऊ." सुनंदा तोंडाला पदर लावून हसत होती. "अहो, मी सांगत होते तुम्हाला." तिनं काही सांगितलं नव्हतं. घावनं तिनंच केली होती.

त्यानंतर आम्ही रोज चाललो. वर्षभरात दोघांचेही आकडे खाली आले. सगळ्यांचे येत नाहीत, हेही सांगायला हवं. आमच्या आळीतल्या एका बाई नेमानं चालूनही त्यांना पुढे मधुमेह झालाच. त्या सिस्टरांना तोंड दाखवेनात. सिस्टर त्यांच्या घरी गेल्या, चहा घेतला, "यात तुमचं काही चुकलेलं नाही" म्हणाल्या आणि त्यांना डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेल्या. चालणंही सोडू दिलं नाही.

सुनंदा मेंदूतल्या रक्तस्रावानं गेली. एका दिवसात. तेराव्यानंतर सिस्टर भेटायला आल्या तेव्हा मी त्यांना म्हणालो, "पाच वर्षं तुमचं ऐकून चालली. काय मिळालं तिला?" असं बोलायला नको होतं. सिस्टर म्हणाल्या, "मला माहीत नाही, भाऊ." आणि बसून राहिल्या. त्या घटकेला दुसरं कोणतंही उत्तर मला सहन झालं नसतं.

मी चालणं सोडलं. जेवलो की झोपायचो. दिवाळीनंतरच्या तपासणीत सरासरी पुन्हा बॉर्डरवर आली, आधीपेक्षा थोडी वरच. मधुमेह आता फार लांब नाही. सिस्टरांना ते कळलं आणि त्या दुपारच्या येऊ लागल्या. त्यांचा उजवा गुडघा दुखतो, हातात काठी असते.

"जेवलात?"

"जेवलो."

"मग चला."

"नको, सिस्टर."

"बरं. मी जाऊन येते."

मी ओटीवर बसून राहिलो. त्या काठी टेकत विहिरीपर्यंत गेल्या, आल्या, पुन्हा गेल्या. पंधरा मिनिटं झाल्यावर पाणी पिऊन घरी गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मला बसवेना, मी त्यांच्याबरोबर उठलो. फाटकाशी त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी उठलात ते कळलं मला. आता उद्यापासून मी येणार नाही."

ही गेल्या आठवड्यातली गोष्ट. गौरव अंकात असं लिहितात की नाही मला ठाऊक नाही, पण सिस्टर हे वाचतील म्हणून खरं लिहितो. त्यानंतर मी एकदाही गेलेलो नाही. एकट्यानं जायचं म्हटलं की पाय उचलत नाही.

सिस्टरांनी आपल्या गावात किती जणांना असं उठवलं, हे इतर लेखांत येईलच. त्यांच्या गुडघ्याला आराम पडो. त्यांना पुष्कळ वर्षं मिळोत, आणि आमच्यासारख्यांच्या फाटकाशी उभं राहण्यात ती जाऊ नयेत, एवढंच मनापासून मागतो.

इथपर्यंत लिहून जेवायला उठलो. वरण-भात आणि कालची भाजी होती. ताट घासून पालथं घातलं. चपला घालून विहिरीपर्यंत गेलो. परत आलो, आणि पुन्हा निघालो.