नागकन्येची सासू

साळूबाईनं दुसरा घरोबा केला, ही बातमी सातपूरच्या आमच्या कॉलनीत नळावर फुटली. नवरात्राची चौथी माळ होती. "रोज दुपार कलली की निघते, अंधार पडल्यावर उगवते, आणि ओठाच्या कोपऱ्यात लाली! पुसली तरी राहतेच ना गं थोडी," असं सुलाबाई म्हणाल्या. त्यांचा हंडा भरून वाहायला लागला, तरी कुणी नळ बंद केला नाही.

बातमी साफ खोटी. साळूबाईनं घरोबा-बिरोबा काही केला नव्हता. ती नागीण झाली होती.

सत्त्याऐंशी सालची कालिकेची यात्रा ती. यंदा सगळंच नवं. विजेवर फिरणारा उंच पाळणा, हेलकावे खाणारं जहाज, मौत का कुआँत एकीऐवजी दोन मोटारसायकली. आणि त्या सगळ्यांच्या कडेला नाथाशेठचा तंबू. नाथाशेठचा आवाज म्हणजे पत्र्यावरून ओढलेली कानस. "आइए, आइए! यंदाचं नवीन आकर्षण! मुंडी बाईची, धड नागिणीचं! इचाराल ते बोलणार! खोटं निघालं तर पैशे वापस!" पैसे वापस कुणी मागितलेच, तर नाथाशेठला नेमकं ऐकू येत नसे.

आत टेबलावर कापसानं भरलेल्या नागाची वेटोळी, आणि वेटोळ्यांच्या टोकाला साळूबाईचं डोकं. बाकीची साळूबाई टेबलाखाली, आरशांच्या आड, गुडघे पोटाशी घेऊन. फळीच्या भोकाची कड मानेला करकचून लागे. हात खालीच अडकलेले, त्यामुळे नाकावर माशी बसली तर ती आपल्या मर्जीनं उठेपर्यंत वाट बघायची. नवा पाळणा तिनं धड पाहिलाच नाही. वर जाताना पोरी किंचाळत, खाली येताना हसत, त्यावरून तो किती उंच असेल याचा ती आपली अंदाज बांधी.

कारखान्याला टाळं लागलं आणि तिचा नवरा वाल्मीक काम बघायला सुरतेला गेला, तो पावसाळ्याआधी. तेव्हापासून ना पत्र ना निरोप. घरात चार वर्षांची लता आणि सासू धोंडाबाई. सासूला सांगितलेलं, की सून पॅकिंगच्या कामावर जाते. खरं सांगायची सोय नव्हती. तोंड रंगवून चारचौघांत बसणाऱ्या बाईबद्दल धोंडाबाईंनी एकदा निकाल देऊन ठेवला होता, "असली सून माझ्या उंबऱ्यात नगं. पोर माझ्यापाशी ऱ्हाईल, तिनं माहेराचा रस्ता धरावा." आणि साळूबाईचं माहेर म्हणजे दिंडोरीकडची एक भावजय, तीही तोंड फिरवून बसलेली.

पाचव्या माळेला धोंडाबाई तंबूत आल्या. नागकन्या खरं सांगते, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. त्यांनी चपला बाहेर काढल्या. तमाशाच्या तंबूत शिरावं तशी बाकी गर्दी शिरत होती, आणि ही एकटी म्हातारी देवळात आल्यासारखी, हातात नारळ घेऊन, अनवाणी.

पळायचं तर साळूबाईचे पाय आरशाआड.

धोंडाबाईंनी कुंकू लावलं. अर्धं कुंकू नाकावर सांडलं.

"माये, माझा वाल्मीक कुठं हाय?"

"ओ आजी, ती नागीण हाय, पोस्टमन नाय!" मागून एक पोरगं ओरडलं.

"तुला कुणी इचारलं रे, मुडद्या?"

हाच प्रश्न साळूबाई रोज स्वतःला विचारी. उत्तर असतं तर तिनं फळी फोडून सांगितलं असतं. नाथाशेठनं शिकवलेल्या नाकातल्या आवाजात ती म्हणाली, "दूर आहे."

"आन माझी सून? नळावर बाया लय वंगाळ बोलत्यात. ती सरळ हाय का?"

नुसतं 'होय' म्हटलं की सुटका होती. धोंडाबाईंनी ते देवाचं बोलणं म्हणून पदरात बांधलं असतं. पण कुंकू लावून विचारणाऱ्या सासूला नागीण होऊन फसवायचं, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

"रोज घरी येते का?" तिनं उलट विचारलं.

"येती."

"लेकराला जवळ घेते?"

"घेती की. पर दमती लय. मान धरून बसती, वळवाया येत नाय तिला..."

धोंडाबाई थांबल्या. नागाच्या कापडाच्या वर, फळीच्या कडेशी, मानेवर लाल वळ होता. साळूबाईच्या गालावरून पाणी ओघळलं आणि पुसायला हात नव्हता. धोंडाबाईंनी पदर पुढे केला. मग मागे घेतला.

"चला आजी, चला, मागं पब्लिक खोळंबलीय!" नाथाशेठची कानस.

त्या रात्री साळूबाई घरी गेली ती जीव मुठीत धरून. ताट झाकून ठेवलेलं होतं. "जेव," एवढंच धोंडाबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. लताला कुशीत ओढून ती पहाटेपर्यंत जागीच होती.

सकाळी नळावर तिनं मला हळूच गाठलं. तंबूतला तिचा आवाज पहिल्याच दिवशी ओळखला होता तो मी, शेजारचा. तिचं गुपित फक्त माझ्यापाशी.

"ओळखलं रे त्यांनी. आज गठुडं बाहेर पडंल माझं."

"छट्! वहिनी, तो आवाज माझ्याशिवाय कुणाला ओळखू यायचा नाही. लावा पैज."

"आवाजाचं नाय म्हणत मी. काय लावतो?"

"हरलो तर धोंडाबाईंची नक्कल बंद. कायमची."

पैज लहान नव्हती. गणपतीत त्या नकलेला वन्समोअर मिळालेला.

संध्याकाळी साळूबाई टेबलात शिरत होती, तेव्हा नाथाशेठनं एक चुंबळ आणून दिली. डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवतात, तसलीच कापडाची. "दारावर एक म्हातारी देऊन गेली. म्हणे, नागीणमायच्या मानेखाली घाल. काय एकेक भगत भेटतात!"

हिरव्या लुगड्याची होती. त्यावरचं ठिगळ साळूबाईनंच कधीतरी लावलेलं. आणि ती हंड्याच्या मापाची नव्हतीच. एका बाजूनं उघडी, बांधायला दोन बंद, माणसाच्या मानेभोवती बरोबर बसेल अशी.

त्यावर घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. वाल्मीक दिवाळीलाही आला नाही. नळावर सुलाबाईंनी पुन्हा विषय काढला, तेव्हा धोंडाबाईंनी हंडा खाली ठेवून, कमरेवर हात घेऊन त्यांना जे काही सुनावलं, ते जसंच्या तसं करून दाखवायला माझी जीभ अजून शिवशिवते. पण पैज म्हणजे पैज.